पिंपात चालणारी मोटर

आज सकाळी रिक्षावरचा भोंगा गल्लीतून फिरून गेला. धरणातून पाणी सोडण्याचं प्रमाण वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं, वगैरे. बाहेर लख्ख ऊन होतं. माझी चादर दोरीवर कडक वाळत होती आणि खालून तो आवाज पाणी येतंय, पाणी येतंय म्हणून बजावत होता. सांगवीत नदीकाठी राहणाऱ्याला यात काही नवल वाटत नाही. डोक्यावर पडणारा पाऊस आम्ही फारसा मनावर घेतच नाही. आमचं पाणी मागून येतं, मावळातून, मुळशीकडून, डोंगरात कधीतरी पडून गेलेलं, आणि पुष्कळदा असं ऊन पडलेलं असतानाच येतं.

या दिवसांना कॅलेंडरात नाव नाही. आम्ही 'पाणी सोडायचे दिवस' म्हणतो. गाड्या पुलाच्या चढावर नेऊन लावायच्या, गव्हाचा डबा वरच्या मजल्यावर न्यायचा, फ्रिज टेबलावर चढवायचा. सगळं चढवून अंगाला घाम फुटला की कळतं, पाणी घाटाच्या पायऱ्यांवरूनच परत फिरलं. मग फ्रिज उतरवायला घरात कुणालाच उत्साह नसतो. तो गणपतीपर्यंत टेबलावर ऐटीत बसतो आणि मी दूध काढायला स्टुलावर चढते.

पण भोंगा गेला की मला अजूनही एक आवाज ऐकू येतो. एक मोटर चालत असते, एकसारखी, छान. मग एकदाच अडखळते. मग खोकते. मग परत जरा सावरल्यासारखी होते, आपल्याला वाटतं चला, सुटलो, आणि त्यानंतर नुसतं पाणी ऐकू येतं. ती मोटर भंगारात जाऊनही काळ लोटला. तरी चाकणला आमच्या कंपनीत शिफ्ट संपताना कॉम्प्रेसर बंद होतो, तो शेवटी असाच दोनदा अडखळतो, आणि माझ्या हातातला पार्ट हातातच राहतो. मी इन्स्पेक्शनला आहे. पार्ट बरोबर की चूक हे ठरवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्या पावसाळ्यात मात्र काय बरोबर आणि काय चूक, हे ठरवणं माझ्या हातात राहिलं नाही.

गेल्या थंडीत समोरच्या आक्का गेल्या. त्यांच्या घराला कुलूप आहे. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या अधूनमधून येऊन जास्वंदीला पाणी घालतो. म्हणून आता हे लिहिता येतंय. ह्यांना विचारून लिहीत नाहीये. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, आणि मी ऐकलं असतं असंही नाही.

मोटर म्हणजे नावेची मोटर. एका मोठ्या पुरानंतर आमच्या मंडळाच्या पोरांनी वर्गणीतून फायबरची एक नाव घेतली. नाव नवी कोरी, पण तिच्या मागच्या फळीला लावायची मोटर परवडेना, म्हणून ती कोकणातून कुणा मच्छीमाराची वापरलेली आणली. वरचं झाकण उन्हाने पांढुरकं पडलेलं, पाण्यातल्या पंख्याच्या पात्याचा एक टवका उडालेला. दोरी ओढून चालू करायची. चालू झाली की बाजूने पाण्याची एक बारीक धार पडायची. ती पडतेय तोवर आतून थंड पाणी फिरतंय असं समजायचं. पोरं त्या धारेवरून जे काही बोलून हसायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोटरीचं पेट्रोल तिच्या पोटात नसतं. लाल रंगाची टाकी वेगळी, नावेत पायाशी ठेवायची, तिथून एक रबरी नळी मोटरीला जायची.

मंडळाने मोटर ह्यांच्या ताब्यात दिली, कारण हे इंजिनवाले. आकुर्डीच्या दुचाकीच्या कारखान्यात ह्यांनी इंजिन टेस्टिंगला सगळी नोकरी काढली. लोक माणसाचा चेहरा बघून ओळखतात, हे गाडीच्या आवाजावरून. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी एकदा म्हटलं होतं, माझं काही बिघडलं तर मलाही स्टँडवर चढवून बघाल. तर म्हणाले, "तुझा आवाज लांबूनच कळतो."

ती कोकणची मोटर तशी आजारीच होती. कधी सकाळी चालू व्हायची नाही, कधी धूर ओकायची, कधी अर्ध्या नदीत दम लागायचा. हे तिला पुन्हा पुन्हा खोलायचे, घासायचे, जोडायचे. तिने कधी घात केला नव्हता, कुरकूर करत का होईना, काठाला आणून सोडायची.

समोर आप्पा आणि आक्का राहायचे. सांगवीतले जुने. आमचा प्लॉट त्यांच्याच शेताचा तुकडा. आम्ही नवीन लग्नाचे, बिऱ्हाड करायला आलो तेव्हा आक्कांनी पहिल्या दिवशी भाकरी-पिठलं पाठवलं. आडनाव ऐकून, आमच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघूनही ताट रिकामं परत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत भरून पाठवलं. हे त्या काळी या गल्लीत सगळ्यांनीच केलं असतं असं मी म्हणणार नाही. आक्का ह्यांना परकास म्हणायच्या. स्वतःचा मुलगा असता तर एवढाच असता, असं त्या चारचौघांत बोलायच्या आणि ह्यांचे कान लाल व्हायचे.

आप्पांनी जन्मभर गॅसच्या गोदामात काम केलं. शेती विकली गेली तशी ती नोकरी धरली, आणि तिथून एक खोड घेऊन आले. कुठेही वास आला की हात पुढे. गल्लीत कुणाच्या घरी चहाला गेले तरी आधी स्वयंपाकघरात डोकावणार, नाक वर करून हुंगणार, रेग्युलेटर बंद करून मग बसणार. माझी उकळत आलेली डाळ त्यांनी अशी किती वेळा थंड केली असेल. मी चिडले की म्हणायचे, "अगं, बंद केलेल्या चावीनं कुणी मेलंय का आजपातूर?" मी परत काडी ओढायची.

त्या पावसाळ्यात पाणी पायऱ्यांवरून परत फिरलं नाही. सकाळी चहाच्या वेळेला आमच्या फाटकात होतं, स्वयंपाक होईतो आक्कांच्या ओट्यावर. गल्लीच्या खालच्या टोकाला पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथे चाकणला कामाला जाणाऱ्या मुली भाड्याने राहायच्या. रात्रपाळी करून त्या झोपल्या होत्या, त्यांना कुणी उठवलंच नाही. जागं होऊन त्या पत्र्यावर चढून बसल्या. हे नाव घेऊन निघाले. आप्पा पायजमा खोचून ह्यांच्याआधी नावेत जाऊन बसले, कारण कुठल्या कुंपणाची भिंत पाण्याखाली कुठे आहे, हे त्यांनाच ठाऊक होतं. मी गॅलरीतून बघत होते. आक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या, कारण त्यांच्या घरात आता गुडघाभर पाणी होतं.

जाताना मोटर सुरेख गेली. इतकी सुरेख, की मी आक्कांना म्हटलं, "बघा, आज कशी शहाण्यासारखी चालतेय." मुलींना घेऊन नाव परत फिरली. गल्ली जिथे नदीला मिळते तिथे धार ओढत होती, ती ओलांडायची एवढंच राहिलं होतं. तिथे ती अडखळली. खोकली. सावरली. आणि बंद पडली.

नाव आडवी झाली आणि धारेच्या अंगाने निघाली. हे दोरी ओढताहेत, ओढताहेत, तिच्यावर वाकलेले, पाठ आमच्याकडे. आप्पांनी नावेचा दोर घेतला आणि बुडालेल्या उंबराच्या झाडावर अंग टाकलं. मिठी मारल्यासारखं झाडाला धरून त्यांनी दोराचा वेढा दिला. नाव थांबली. पलीकडच्या इमारतीतून लोकांनी दुसरा दोर टाकला, मुलींनी तो धरला. सगळे ओरडत होते, झालं, झालं, वाचले. आप्पा झाडावरून परत नावेत यायला निघाले आणि पाण्याने त्यांचे पाय काढून घेतले. आक्कांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांच्या बांगडीची खूण माझ्या हातावर कितीतरी दिवस होती.

दुसऱ्या दिवशी ते दापोडीच्या बाजूला सापडले.

दहाव्याला घाटावर गेलो. आमच्यात हे काही करत नाहीत. आमच्या सासऱ्यांनी, ते गावाकडून मोकळ्या हाताने येऊन कारखान्यात लागले होते, दहावं-तेरावं, पिंड, कावळा, सगळं मागे टाकून दिलं आणि आम्हाला परत उचलू नका म्हणून सांगितलं. पण शेजाऱ्याच्या दुःखात उभं राहायला कुणी मनाई केलेली नाही. घाट गाळाने माखला होता. पुतण्याने पिंड मांडला. कावळा समोरच्या भिंतीवर बसलेला, आणि शिवेना. पुतण्या म्हणाला, आक्कांना सांभाळू. कावळा तिथेच. कुणी म्हणालं, आप्पांनी हाती घेतलेलं देवळाचं काम पुरं करू. कुणी जास्वंदीचं नाव घेतलं, आप्पांचा जीव तिच्यावर म्हणून. ऊन चढत गेलं, लोक चुळबुळायला लागले. आक्का पदर तोंडाशी धरून नुसत्या त्या पक्ष्याकडे बघत होत्या. मला ते बघवेना.

आणि हे पुढे झाले. सगळा जन्म कावळ्याला कावळा म्हणणारा माणूस हात जोडून मोठ्याने म्हणाला, "आप्पा, मोटर कशाने बंद पडली, ते मी शोधून काढीन. आक्कांना येऊन सांगीन."

कावळा खाली उतरला.

मी त्याला योगायोग म्हणते. आजही म्हणते. हेही तेच म्हणतात. पण तेव्हा घाटावर सगळ्यांच्या माना ह्यांच्याकडे वळल्या. कावळा खरा की खोटा, हा प्रश्न तिथे उरलाच नव्हता. शब्द दिला गेला होता, आणि तो आक्कांनी ऐकला होता.

मग आमच्या गच्चीवरचे दिवस सुरू झाले. निळं प्लॅस्टिकचं पिंप पाण्याने भरायचं, त्याच्या काठाला लोखंडी अँगल बसवून मोटर टांगायची, पंखा पाण्यात. कारखान्यात इंजिन टेस्टिंगला लावतात तेव्हा गाडीची टाकी कुणी आणत बसत नाही. वर काचेची नळी टांगलेली असते, तिच्यातून पेट्रोल येतं, म्हणजे किती प्यायली तेही मोजता येतं. ह्यांनी तसंच केलं. कपड्यांच्या दोरीच्या खिळ्याला सलाइनची रिकामी बाटली उलटी टांगली, तिच्यातून नळी मोटरीला. लाल टाकी गाळातून काढून आणली होती, ती उघडून बघितली, आत कचरा नव्हता, गाळणी स्वच्छ होती. धुऊन कोपऱ्यात ठेवून दिली. टाकी बरोबर, असं ठरलं.

आणि मोटर चालायची. हेच तर दुखणं होतं. दोरी ओढली की पहिल्या-दुसऱ्या झटक्याला चालू. बारीक धार पिंपाबाहेर, धूर निळा, आवाज एकसारखा. तासभर चालायची. पिंपातलं पाणी कोमट व्हायचं, शेजारपाजारचे कानात बोटं घालायचे, आणि हे समोर उकिडवे बसून ती बंद पडायची वाट बघायचे. आजारी माणूस डॉक्टरसमोर गेल्यावर टवटवीत होतो तसं तिचं चाललं होतं. हे प्लग बदलायचे. कार्ब्युरेटर खोलून त्याचे बारीक तुकडे वर्तमानपत्रावर मांडायचे, सुईने भोकं साफ करायचे, परत जोडायचे. परत चालू. परत छान.

माझ्या वाळत घातलेल्या सगळ्या कपड्यांना पेट्रोल आणि ऑइलचा तो गोडसर वास लागला. बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडून सरकायची. भाजीत, उशीच्या अभ्र्यात, ह्यांच्या बोटांत तोच वास. रविवारी पाऊस थांबला की गल्लीत पहिला आवाज त्या मोटरीचा. लोक खालून मान वर करून बघायचे. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण वाण्याच्या दुकानात मी गेले की बोलणं बंद व्हायचं, आणि एकदा बंद व्हायच्या आत माझ्या कानावर आलं, "इंजिनवाला म्हणवतो आणि ऐन वेळी इंजिनच चालवता येईना." मी साबण तिथेच ठेवून परत आले. दुसरीकडून महाग आणला.

ह्यांना त्या बोलण्याचं वाईट वाटत होतं असं नाही. वाईट वाटायला मन मोकळं तरी लागतं. एकदा जेवताना म्हणाले, "मोटरीत दोष असेल तर दोष मोटरीचा. मोटरीत दोष नसेल तर..." एवढं म्हणून ताट सरकवलं. भात तसाच. मी म्हटलं, "तर काय? नदीचा नसतो का कधी दोष?" ते म्हणाले, "मी दोरी ओढत होतो. ते झाडावर गेले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मला त्या मोटरीचा राग यायला लागला. खरंच सांगते, तिच्यात कुणीतरी बसलंय असं वाटायचं. चहा घेऊन मी गच्चीवर जायची, ती मजेत चाललेली असायची, आणि मला वाटायचं ही माझ्याकडे बघतेय. आप्पांना नेऊन, वर इथे येऊन हसतेय. माझ्यासारख्या रोज मायक्रोमीटर हातात धरणाऱ्या बाईला असलं काही वाटावं याची मला लाज वाटायची, पण वाटायचं ते वाटायचं. मी चहा दारातच ठेवून खाली यायची.

आणि खाली आक्का. मोटर बंद झाली की समोरच्या ओट्यावरून हाक यायची, "परकास, लागला का रं?"

"नाही आक्का, अजून नाही."

"बरं. बघ."

एवढंच. रोज. त्या आवाजात तगादा नव्हता. तगादा असता तर सोसला असता.

बाहेर दिवस पुढे सरकत होते. गाळ वाळून त्याची धूळ झाली. भिंतींवर पाण्याची रेघ राहिली, काहींनी तिच्यावरून रंग मारला. पत्र्याच्या खोल्यांतल्या मुली कुरुळीला राहायला गेल्या, तिथून त्यांना कंपनी जवळ पडायची. त्यांच्यातली सुवर्णा, लातूरकडची, आमच्याच कंपनीत पॅकिंगला कंत्राटावर लागली. एक दिवस शिफ्ट सुटून मी परत येताना, बाजाराला निघालेली ती कुरुळी फाट्यावर बसमध्ये चढली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"काकू, काका बरे हायत का?"

"मोटर दुरुस्त करत बसलेत," मी म्हटलं.

"अजून?" ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मला तर आप्पाच आठवतेत बघा. किती काळजी त्यांना आमची. नावेत पेट्रोलचा लई वास येलालता. माझी मैत्रीण ओकायला लागली. तर आप्पांनी त्या लाल डब्याच्या झाकणावरची चावी हुडकून काढली, पार आवळून टाकली. म्हणले, पोरींनो, बंद केली, आता भ्या न्हाई."

लाल टाकीच्या झाकणावर पितळेचा एक बारका स्क्रू असतो. मोटर चालवताना तो सैल करायचा, कारण टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. हवा आली नाही, तर मोटर थोडा वेळ चालते आणि मग तिला पेट्रोल ओढताच येत नाही. हे मला ह्यांनीच कधीतरी समजावलं होतं, मी भाजी निवडत असताना, मला नको असताना.

एवढ्या दिवसांत त्या मुलींना कुणी काही विचारलंच नव्हतं. मोटर कशी बंद पडली हे मुलींना कोण विचारतं? नावेत त्या नुसत्या भार म्हणून बसल्या होत्या, असंच सगळ्यांनी धरलं होतं. आम्हीसुद्धा.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. मला आनंद झाला. भर बसमध्ये, डोळ्यांत पाणी येईल एवढा. ह्यांचा दोष नव्हता. आप्पांचे हात डोळ्यांसमोर आले, जाड, गाठाळ, काळजीने ती चावी आवळणारे, आणि तरीही मला आनंदच झाला. घर येईतो मी मनात सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झाले होते, वाण्यासकट.

ह्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. गच्चीवर जाऊन सलाइनची बाटली काढली. कोपऱ्यातली लाल टाकी आणली, भरली, नळी जोडली. स्क्रू आवळला. दोरी ओढली. मोटर चालू झाली, नेहमीसारखी, छान. आम्ही दोघं उभे होतो. नळीच्या मधे रबराचा एक गोळा असतो, त्याचं पोट हळूहळू खपाटीला जायला लागलं. मग ती अडखळली. खोकली. जरा सावरली. मी कान झाकले.

बंद पडली.

ह्यांनी स्क्रू सैल केला. सूं करून हवा आत शिरली. परत दोरी ओढली, परत चालू. मग स्वतःच बंद केली, आणि उलट्या बादलीवर बसले. "मी हाताने सैल केला होता तो," म्हणाले. "निघताना. मला पक्कं आठवत होतं. म्हणून तर त्याच्याकडे परत बघितलं नाही." मग पिंपाकडे बघत म्हणाले, "अख्खी नोकरी गेली माझी टेस्टिंगला, आणि तिच्या स्वतःच्या टाकीवर मी तिला एकदाही चालवून बघितली नाही."

"आता ते जाऊ द्या," मी म्हटलं. "चला, आक्कांना सांगू. तुम्ही शब्द दिलाय. तुमचा काही दोष नव्हता हे कळू दे सगळ्यांना."

ते उठले. कपड्यांच्या पावडरने हात धुतले, कोपरापर्यंत, वास जाईतो. जिना उतरताना माझ्या पुढे होते. मला त्यांची पाठच दिसत होती, आणि ती मला कितीतरी दिवसांनी ताठ वाटली.

आक्का ओट्यावर घेवडा निवडत होत्या. संध्याकाळचं ऊन त्यांच्या सुपावर पडलेलं. मोटर वेगळ्या तऱ्हेने बंद पडली हे त्यांनी खालून ऐकलं होतं. नदीवरचा तो आवाज त्यांनीही माझ्याशेजारी उभं राहून ऐकला होता ना. त्यांनी हाक मारली नाही. आम्ही समोर येईपर्यंत थांबल्या.

"लागला?"

"लागला, आक्का."

"काय हुतं?"

"टाकीला हवा लागते. त्याचा एक स्क्रू असतो झाकणावर," हे म्हणाले. "तो बंद होता."

"कुणी केला बंद?"

मी तोंड उघडलं होतं. सुवर्णाचं नाव माझ्या जिभेवर होतं.

"माझाच हात चुकला," हे म्हणाले. "निघायच्या घाईत उघडायचा राहिला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला ओरडावंसं वाटलं. त्यांचा हात धरून वर न्यावं, बादलीवर बसवावं आणि काय बोललात ते परत बोला म्हणावं. मी उभीच राहिले. आक्कांच्या हातातली शेंग अर्धी मोडलेली होती.

"तुझाच? नक्की?"

"नक्की."

"दुसऱ्या कुणाचा हात न्हाई लागला त्याला?"

"नाही."

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. पदराने तोंड पुसलं, मग डोळे, मग परत तोंड. "मला वाटायचं, ह्येंनीच कायतरी पिळलं आसंल," त्या म्हणाल्या. "लई हात चालायचा त्येंचा. तू वर मोटर लावलीस की म्या हितं बसून त्योच इचार करायची. म्हनायची, देवा, दोष लागू दे, पर ह्येंचा नगं लागू दे. सोता गेले ते गेले, आन् त्या पोरींनाबी घिऊन जात हुते, आसं व्हायला नगं. मंग म्या कुनाला रडू?"

गल्लीतून कुणीतरी सायकल हातात धरून गेलं. आमच्याकडे बघून न थांबता गेलं.

मग त्या ह्यांच्याकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं ह्यांच्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जे असायचं ते माझ्यासमोर हळूहळू गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं आलं. ते पुढे त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत तसंच राहिलं. मला त्या घेवड्याची भाजी पाठवायच्या, माझ्याशी तासन् तास बोलायच्या, आणि हे दारात आले की उठून आत जायच्या. गल्लीने तेच खरं धरलं. ह्यांनी त्यानंतर कुठल्याच मोटरीला हात लावला नाही, मंडळानेही लावायला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून हे गाढ झोपायला लागले. जागी मी राहते, आणि पाणी सोडायचे दिवस आले की जास्तच.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आक्का ओट्यावरून उठल्या, एका हाताने भिंत धरून.

"तुझ्यावर राग धरता यील मला, परकास," त्या म्हणाल्या. "मेल्या मानसावर कसा धरू?"

"माझ्यावरच धरा, आक्का," हे म्हणाले.